डिकीवाली मोटार आणि उसाचा हिशेब



उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की कारखान्याच्या कार्यालयात दोन तऱ्हेची माणसे येतात. काही येतात ती वजनाच्या पावतीची आणि तोडणीच्या तारखेची चौकशी करायला. बाकीची येतात ती शोरूममधून मिळालेले गुळगुळीत छापील कागद हातात घेऊन, “यातली कुठली घ्यावी?” असे विचारायला. दुसऱ्या तऱ्हेची माणसे अलीकडे वाढली आहेत आणि त्यात तरुण सभासद जास्त आहेत. एके काळी दारात ट्रॅक्टर आला की गावात पेढे वाटले जात. आता तो मान डिकीवाल्या मोटारीला मिळाला आहे.

सभासदांच्या पत्रिकेत मोटारीचा विषय कशाला, असे काही ज्येष्ठ सभासद म्हणतील. त्यांना आमचे उत्तर असे की मोटारीत जाणारा पैसा उसाचा आहे, आणि तिच्या टाकीतल्या पेट्रोलचा पाचवा हिस्साही आता इथेनॉल आहे, ज्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. तेव्हा हा विषय आपलाच आहे. शिवाय मोटार ही आज निव्वळ चैन राहिलेली नाही. पवनानगरच्या पुढच्या एखाद्या वाडीतून रात्री-अपरात्री बाळंतिणीला तळेगावच्या दवाखान्यात न्यायचे, तर दारात मोटार असलेली बरी. मोटार घेऊ नका असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कुठली घ्यावी आणि कशाचे पैसे मोजावेत, एवढ्यापुरतेच आमचे म्हणणे आहे.

प्रथम हे पाहू की ही आखूड डिकीची मोटार आली कुठून. पुढे नाक, मागे डिकी आणि तरी लांबी चार मीटरच्या आत, ही घडण कुणा कारागिराला सुचलेली नाही, ती कराच्या कायद्यातून निघाली आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत. कायदा आला की पळवाट येतेच. टाटांची इंडिगो २००२ साली आली तेव्हा ती चार मीटरपेक्षा लांब होती. २००८ साली तिचीच डिकी छाटून ‘इंडिगो सीएस’ काढली, आणि चार मीटरच्या आतली डिकीवाली मोटार देशात पहिल्यांदा दिसली. मारुतीची डिझायर २००८ साली आली ती ४१६० मिलिमीटर लांब. २०१२ साली ती ३९९५ मिलिमीटर झाली, म्हणजे साडेसहा इंच कापले ते डिकीतूनच. चाकणला फोक्सवॅगनने २०१६ साली ‘अमिओ’ नावाची मोटार खास आपल्या देशासाठी काढली. तिची मापेही याच कायद्याने ठरवली. ती २०२० साली बंद पडली.

नियम अजून तोच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या मोटारींवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि त्याहून मोठ्यांवर ४० टक्के लागला. त्याआधी लहान पेट्रोल मोटारीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का उपकर होता. म्हणजे मधल्या काळात ज्यांनी घाई केली नाही त्यांचा फायदाच झाला. चार मीटरच्या आतली आणि बाहेरची यांतला फरक आता एवढा मोठा झाला आहे, की ‘थोडे पैसे घालून मोठीच घेऊ’ हे म्हणणे हिशेबात बसत नाही.

आता ‘टॉप मॉडेल’च्या हट्टाकडे वळू. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिझायरची नवी घडण बाजारात आली. तिचे चार प्रकार आहेत : एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस. त्या वेळी शोरूमची किंमत खालच्या प्रकाराला ६ लाख ७९ हजार आणि सर्वांत वरच्या ऑटोमॅटिकला १० लाख १४ हजार होती. जीएसटी उतरल्यावर किमती खाली आल्या, पण खालच्या-वरच्यातले अंतर साधारण त्याच पट्टीत राहिले. मूळ अंतर धरा, ३ लाख ३५ हजार. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला हातात तीन हजार पडले असे समजा. म्हणजे ते अंतर झाले ११० टनांवर ऊस. एकरी ४० टन उतारा धरला तर पावणेतीन एकरांचे सगळे पीक. त्यात खत, पाणी, बेणे, मजुरी यांचा खर्च अजून वजा केलेला नाही. आणि एवढ्या उसाच्या बदल्यात काय मिळते? छताची उघडझाप करणारी काच, मोठा पडदा, गाडीभोवतीचे चित्र दाखवणारे कॅमेरे, जरा भारी चाके आणि क्लच दाबण्यापासून सुटका.

छताच्या काचेबद्दल एक सांगतो आणि पुढे जातो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने ती काच उघडता येत नाही, आणि उन्हाळ्यात ती उघडायची इच्छा होत नाही. उरलेल्या दिवसांत मुले तीतून डोकी बाहेर काढतात, आणि ते तर सर्वांत धोक्याचे.

उलट जे खरे लागते ते आता खालच्या प्रकारातही मिळू लागले आहे, ही या काही वर्षांतली चांगली गोष्ट. पूर्वी अपघातात फुगणाऱ्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, पाहिजेत तर टॉप मॉडेल घ्या, असा व्यापार होता. बेस मॉडेल घेणाऱ्याच्या जिवाची किंमत कमी, असाच त्याचा अर्थ होतो. नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, आणि सहा एअरबॅग व घसरणारी गाडी सावरणारी ब्रेकची यंत्रणा चारही प्रकारांत सारखी आहे. होंडाच्या अमेझची तिसरी घडण डिसेंबर २०२४ मध्ये आली, तिच्यातही सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आहेत. ह्युंदाईच्या ऑरातही तसेच. टाटांच्या टिगोरला २०२० साली जुन्या पद्धतीच्या चाचणीत चार तारे मिळाले होते. शोरूमात विक्रेता सीटच्या शिलाईवर हात फिरवू लागला की सभासदाने त्याला हेच आधी विचारावे : या प्रकारात एअरबॅग किती, आणि मागच्या मधल्या माणसाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का?

मावळात खालच्या प्रकाराची एक उणीव मात्र जाणवते. श्रावणात कामशेतच्या पुढे धुके उतरले की समोरचा ट्रक दहा हातांवर दिसत नाही. धुक्याचे दिवे बहुधा वरच्या प्रकारातच देतात. ते वेगळे बसवून घेता येतात आणि तो खर्च फार नाही. मागच्या काचेवरची ओल घालवणाऱ्या तारा आहेत की नाहीत हेही पाहावे, कारण डिकीवाल्या मोटारीला मागे वायपर नसतो. तिसरी गोष्ट पोटाची. या मोटारींचे पोट जमिनीपासून १६०-१७० मिलिमीटर वर असते. पाच माणसे आणि डिकीत इंद्रायणीची दोन पोती घातली की ती आणखी खाली बसते, आणि वाडीच्या रस्त्यावरचा गतिरोधक खाली घासतो. त्याला कुठलेही टॉप मॉडेल उपाय नाही. ज्याचा रस्ता अजून खडीचा आहे त्याने डिकीचा मोह सोडावा.

आता इंजिन. जुने सभासद अजून डिझेल मागतात. त्यांना सांगायला हवे की लहान डिकीवाल्या मोटारीतले डिझेल इंजिन संपले. एप्रिल २०२० मध्ये धुराचे नवे नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल बंद केले, टाटांनी टिगोरचे त्याच सुमारास, आणि पुढच्या तीन वर्षांत ह्युंदाई व होंडा यांनीही या वर्गातले डिझेल थांबवले. कारण साधे आहे. धूर गाळण्याची यंत्रणा एवढी महाग झाली की लहान मोटारीत ती परवडेना. कुणी जुनी डिझेल स्वस्तात देतो म्हणाला, तर मोह आवरून तिचे वय आधी पाहावे.

राहिले पेट्रोल आणि सीएनजी. डिझायर व टिगोर यांची इंजिने तीन सिलिंडरांची, अमेझ व ऑरा यांची चार. सर्व १२०० सीसीच्या आत. तीन सिलिंडरांच्या इंजिनाला उभ्या गाडीत जरा थरथर असते, पण सुट्या भागांचा आणि वजनाचा बोजा कमी. सपाटीवर फरक कळत नाही. खोपोलीकडून बोरघाट चढताना, किंवा पाच माणसे घेऊन दुधिवरे खिंडीत, एसी चालू असताना कळतो. तिथे खालचा गिअर टाकावा आणि इंजिनाला फिरू द्यावे. वरच्या गिअरमध्ये रेटून नेण्याने पेट्रोल वाचत नाही. आणि उतरताना ‘पेट्रोल वाचते’ म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची खोड तर मोडलीच पाहिजे. आजच्या इंजिनात गिअरमध्ये गाडी उतारावर असली आणि पाय उचललेला असला की पेट्रोलचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच, वर सगळा भार ब्रेकवर येतो.

सीएनजीचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा. डिझायरच्या व्हीएक्सआय प्रकारात सुरुवातीच्या किमतीत पेट्रोल आणि सीएनजी यांत ९५ हजारांचा फरक होता. किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात असे धरले तर तो फरक फिटायला साडेसत्तेचाळीस हजार किलोमीटर लागतात. लोणावळा स्टेशनवर टॅक्सी चालवणाऱ्या पोराचे ते वर्ष-सव्वा वर्षात होईल. वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या सभासदाला सहा वर्षे लागतील. गॅसवर जोरही कमी पडतो. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे डिझायरचे इंजिन पेट्रोलवर सुमारे ८२ अश्वशक्तीचे आणि गॅसवर ७० च्या आसपास. डिकीत टाकी बसली की जिच्यासाठी ही मोटार घेतली ती डिकीच अर्धी होते. टाटांनी दोन लहान टाक्या तळाशी बसवून त्यावर तोड काढली आहे, ती पाहण्यासारखी आहे. दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करून घ्यावी लागते. आळस करणारे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या शेजारी घाटात गाडी उभी करायला आम्हाला भीती वाटते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालणारी, लिटरला १८ किलोमीटर देणारी मोटार ६६७ लिटर पेट्रोल पिते. त्यात २० टक्के इथेनॉल म्हणजे १३३ लिटर, अर्थात जवळजवळ दोन टन ऊस. आपल्या दारातली पेट्रोलची मोटार वर्षाला दोन टनांचे गिऱ्हाईक आहे असे समजा. सीएनजीची मोटार उसाचे एक कांडेही घेत नाही. म्हणून सीएनजी घेऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. सभासदाने आपले घर पाहावे. पण हिशेबाची ही बाजू विक्रेता सांगणार नाही, ती आम्हीच सांगितली पाहिजे.

आणि दुसरी बाजूही आम्हीच सांगितली पाहिजे, ती लपवण्यात शहाणपण नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता असते. त्यामुळे मायलेज थोडे उतरते. २० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या गाडीत ही घट एक-दोन टक्के आणि इतरांत तीन ते सहा टक्के, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच सांगितले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या मोटारींसाठी सहा-सात टक्क्यांचा आकडा आहे. पाच टक्के धरले तर वरच्या मोटारीला वर्षाला ३३ लिटर जास्त लागतील, शंभराच्या भावाने तेहतीसशे रुपये. लोक कुरकुर करतात ती काही अगदीच उगाच नाही. ऊसवाल्यांनी ‘सगळी अफवा आहे’ असे म्हणून हात झटकले, तर उद्या आपल्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. इथेनॉलने इंजिन जळते, गाडी पेट घेते, असल्या गप्पा मात्र खुशाल उडवून लावाव्यात. उलट इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने त्यासाठी जुळवलेले इंजिन चढावर ठोका देत नाही.

गाडीची बनावट कधीची, हे यासाठी महत्त्वाचे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत रबरी नळ्या आणि सांधे २० टक्क्यांना टिकतील असे घातले आहेत, आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनेही त्याला जुळवलेली आहेत. एमएच-१४ पासिंगची जुनी मोटार घेणाऱ्या सभासदाने आरसी बुकावरचा बनावटीचा महिना वाचावा आणि त्याआधीची असेल तर पेट्रोलच्या नळ्या तपासून घ्याव्यात. इथेनॉल पाणी ओढते, हेही आपल्या पावसाळी मुलखात ध्यानात ठेवावे. आषाढात महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नये.

आमची तक्रार मिश्रणाबद्दल नाही, त्यातला व्यवहार एकतर्फी आहे याबद्दल आहे. नीती आयोगाने त्याच अहवालात म्हटले होते की मायलेजची घट भरून निघावी म्हणून मिश्रित पेट्रोल साध्यापेक्षा स्वस्त असावे. ते झाले नाही. इथेनॉलची खरेदीच आता महाग पडते, असे सरकार म्हणते. असेल. पण ती महागाई आपल्या पदरात पडली का? उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ साली लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता आणि २०२४-२५ मध्येही तोच राहिला. दरम्यान उसाचा एफआरपी क्विंटलला ३०५ वरून ३४० आणि २०२५-२६ साठी ३५५ झाला. मक्याच्या इथेनॉलला मात्र ७१ रुपये ८६ पैसे. डिसेंबर २०२३ मध्ये तर साखरेच्या भावाच्या भीतीने रसापासून इथेनॉल करण्यावर एका फटक्यात बंधने घातली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या त्यांनी मग काय करायचे? मका आज इथेनॉलमध्ये उसाच्या पुढे गेला आहे, त्याला हे एक मोठे कारण आहे.

ब्राझीलमध्ये २००३ सालापासून कुठल्याही प्रमाणातले मिश्रण चालणारी इंजिने विकली जातात. तिथला मोटारवाला पंपावर दोन भाव पाहतो, इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल घालतो, नाहीतर पेट्रोल. निवड त्याची, म्हणून कुरकुर नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० टक्क्यांच्या विरोधातली याचिका फेटाळली, त्यामुळे कायद्याचा प्रश्न मिटला, पण मनातला मिटला नाही. टॉप मॉडेलला पावणेतीन एकर ऊस घालणारा माणूस तेहतीसशे रुपयांसाठी इथेनॉलला शिव्या देतो, हे खरे आहे. पण म्हणून त्याचे तेहतीसशे खोटे ठरत नाहीत.

जाता जाता तळेगावचा एक दाखला. जनरल मोटर्सचा कारखाना तिथे २००८ साली सुरू झाला. कंपनीने २०१७ अखेर देशातली विक्री बंद केली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादनही थांबले. गाडी दारात आणि कंपनी परदेशी, अशी मालकांची गत झाली. विकायला काढली तर भाव नाही. जानेवारी २०२४ मध्ये तो कारखाना ह्युंदाईने घेतला आणि आता तिथे पुन्हा गाड्या निघतात, त्याचा आपल्या पोरांना रोजगारही आहे. मोटार घेताना चौपदरी जाहिरातीपेक्षा वडगाव-तळेगावात तिचे गॅरेज आणि सुटे भाग आहेत का, हे आधी पाहावे, ते एवढ्यासाठी.

येत्या वार्षिक सभेपुढे ठेवण्यासाठी एका ठरावाचा मसुदा आम्ही तयार करीत आहोत. प्रत्येक पंपावर त्या दिवसाच्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण मोठ्या अक्षरांत लिहावे, २० टक्के मिश्रणाचा भाव घटलेल्या मायलेजइतका कमी असावा, उसाच्या इथेनॉलचा दर एफआरपी वाढेल तसा वाढावा, आणि कुठल्याही प्रमाणाच्या इंजिनाची लहान मोटार काढणाऱ्या कंपनीला करात सवलत मिळावी, अशा त्यात मागण्या आहेत. ज्या सभासदांकडे पेट्रोलची मोटार आहे त्यांनी टाकी काठोकाठ भरून टाकी-ते-टाकी काढलेले मायलेज, गाडीचे नाव, प्रकार आणि बनावटीचे साल एका चिठ्ठीवर लिहून गट कार्यालयात द्यावे. घाटातले आणि सपाटीचे आकडे वेगळे लिहावेत.